मोरीचे पाणी, चुन्याचा गिलावा आणि नवे भाडेकरू

जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि आजच्या गरजांसाठी त्यांचा वापर या विषयावर आलेल्या पत्रांतून आठ पत्रे येथे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. काहींनी इमारतींची छायाचित्रे जोडली होती, त्यांचा उत्तरे देताना फार उपयोग झाला. भेगा आणि ओल यांबद्दल विचारणाऱ्यांनी पुढेही छायाचित्र अवश्य पाठवावे.

प्रश्न : आमची तीन मजली चाळ शंभर वर्षांपेक्षा जुनी असून लाकडी सांगाड्याची आहे. मालकांनी नेमलेल्या अभियंत्याने ती 'सी-१' गटात, म्हणजे राहण्यास अयोग्य व तातडीने पाडण्याजोगी, ठरवली आहे. आम्ही भाडेकरूंनी नेमलेल्या अभियंत्याने मात्र मोठी दुरुस्ती केल्यास ती टिकेल असा अहवाल दिला आहे. इमारत एकच असताना दोन अहवाल इतके वेगळे कसे, आणि आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक भाडेकरू, गिरगाव

उत्तर : दोन्ही अहवाल समोर ठेवून आधी एवढेच पाहा की तपासणी कशाची झाली आणि कोणत्या साधनांनी झाली. लाकडी सांगाड्याच्या चाळींचे अहवाल वाचताना मला वारंवार रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीचे तक्ते दिसतात. या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. ज्या इमारतीचा भार सागवानी खांब, तुळया आणि विटांच्या भिंती पेलतात तिच्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. मोरीखालच्या काँक्रीटच्या लादीवर घेतलेल्या चार आकड्यांवरून अख्खी चाळ बाद ठरवलेली मी पाहिली आहे.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतल्या चाळी बहुधा एका ठरावीक ठिकाणी कुजतात. मोरी आणि सामायिक संडास यांच्याखालची तुळई जिथे भिंतीत शिरते, ते तिचे टोक हे ते ठिकाण. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्यात कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. म्हणूनच दिवाणखान्याखालची तुळई शंभर वर्षांनंतरही ठणठणीत असते आणि तिच्यापासून आठ फुटांवरची, मोरीखालची तुळई मेलेली असते. काही वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या एका चाळीत आम्ही मोरीलगतच्या फळ्या उचलल्या. भिंतीपासून वीतभर अंतरापर्यंत स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा बाहेर आला. त्याच तुळईवर हातभर पुढे तोच स्क्रू ड्रायव्हर हातोडीने ठोकला, तेव्हा लाकडावर फक्त ओरखडा उठला. त्या तुळईची लांबी बारा फूट होती आणि तिचा बिघाड वीतभर होता. अहवालात मात्र 'लाकूडकाम पूर्णतः निकामी' अशी नोंद होती.

अशा तुळईला खालून टेकू देऊन कुजलेले टोक कापतात, तेथे जुन्या सागवानाचा तुकडा जोड देऊन बोल्टने बांधतात किंवा दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल लावतात, आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती थोडी हवा खेळेल अशी जागा ठेवतात. ही शेवटची गोष्ट गवंडी हमखास विसरतात आणि खोबण सिमेंटने गच्च भरून टाकतात. मग दहा वर्षांत नवे लाकूडही त्याच वाटेने जाते. मोरीची गळती आधी बंद केल्याशिवाय यातले काहीही करू नये. जोडाला लागणारे सागवान पाडकामातल्या लाकडाच्या वखारींत मिळते आणि ते आजच्या बाजारातल्या बहुतेक नव्या लाकडापेक्षा चांगले असते.

इमारत खरोखर धोकादायक झाल्याची लक्षणे वेगळी आहेत. बाहेरच्या भिंतीला पोट सुटलेले असते, एक कोपरा खचून दारांच्या चौकटी तिरक्या झालेल्या असतात, एकाखाली एक अशा सगळ्या मजल्यांवरची टोके गेलेली असतात. भेग वाढते आहे की जुनीच आहे हे कळण्यासाठी तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून बाजूला तारीख लिहून ठेवावी. भेग हलली तर काच तडकते. याशिवाय वरच्या मजल्यांवर किती पोटमाळे चढले, जुन्या फरशीवर किती लाद्या बसल्या आणि पाण्याच्या किती टाक्या आल्या हेही मोजायला हवे. एक हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ते चाळ बांधणाऱ्याच्या हिशेबात नव्हते.

तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे आणि दोन अहवाल परस्परविरोधी आल्यास प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येते. तुमची चाळ उपकरप्राप्त असेल, म्हणजे तिच्यासाठी दुरुस्तीचा उपकर भरला जात असेल, तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही लेखी अर्ज करा. हा वाद मिटेपर्यंत जिन्याखाली आणि मोऱ्यांखाली टेकू लावून घ्या. निकालाची वाट इमारत पाहत नाही.

प्रश्न : माझगावातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्याच्या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्यातल्या आहेत. ओल येते म्हणून दहा वर्षांत तीनदा सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग केला. गणपतीच्या आधी भिंत नवी दिसते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे हातात येतात. दर वेळी ओल आणखी वर चढलेली असते. आता कोणता रंग वापरावा?
— एक गृहिणी, माझगाव

उत्तर : रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि तो आला की अगदी स्वस्तात सुटतो. आधी घराबाहेर जा आणि रस्ता व तुमचे जोते यांच्या उंचीतला फरक पाहा. मुंबईत दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि ज्या घराला एके काळी तीन पायऱ्या चढून जावे लागत असे त्याला आता एकच पायरी उरते. गाडल्या गेलेल्या त्या दोन पायऱ्यांच्या उंचीइतकी भिंत आता जमिनीखाली आहे आणि ती पावसाळाभर पाणी पिते. भिंतीलगत हातभर रुंदीची पट्टी खणून जुनी पातळी मोकळी करणे आणि तेथून पाणी वाहून जाईल असा उतार देणे, हे पहिले काम.

दुसरे काम म्हणजे सिमेंट काढणे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यात शिरलेले पाणी गिलाव्याच्या बारीक छिद्रांतून हवेत उडून जाते. सिमेंटचा कडक, बंद गिलावा ही वाट अडवतो. पाणी मग अडथळ्याच्या वरच्या टोकाशी वाट शोधते, म्हणूनच तुमची ओल दर वेळी थोडी वर चढलेली दिसते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे जमून त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. लोणा लागला असे आपण म्हणतो तो हाच. ओलीच्या रेषेच्या वर सुमारे तीन फुटांपर्यंतचे सिमेंट हलक्या हाताने, ब्रेकर न लावता काढा आणि भिंतीला एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी राहू द्या. वर आलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून घ्या. धुतला तर तो पुन्हा आत जातो.

तिसरे काम चुन्याच्या गिलाव्याचे. कळीचा चुना पाण्यात विरवला की उसळतो, उकळल्यासारखा खदखदतो. तो निवला की गाळून पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका चांगला, आणि काही आठवडे तरी तो मुरलाच पाहिजे. लोण्यासारखा झालेला हा चुना वाळू आणि सुरखी, म्हणजे कमी भाजलेल्या विटेची भुकटी, यांच्याबरोबर चुन्याच्या घाण्यात मळतात. सुरखीमुळे ओलसर जागीही चुना धरतो, म्हणून तळमजल्याला ती हवीच. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, मेथी, उडीद या जिनसांबद्दल अनेकजण फार उत्साहाने विचारतात. त्यांचा उपयोग आहे, पण चुना नीट विरवला नाही, मळला नाही, तर कितीही हिरडा घालून भागत नाही. आणि गूळ जास्त झाला तर गिलावा वेळेवर धरत नाही. पाककृतीच्या हौसेपेक्षा दंडाची मेहनत जास्त लागते, आणि ती घेणारे गवंडी मुंबईत मोजके उरले आहेत. काम सुरुवातीला सिमेंटपेक्षा महाग पडेल.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून थंडीत संपवावे. थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा, दोन थरांत पुरेसे दिवस जाऊ द्यावेत, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश घेऊन दगड बनतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. रंग म्हणाल तर चुन्याची सफेदी. प्लॅस्टिकचा कोणताही रंग नको, डब्यावर काहीही लिहिलेले असो.

प्रश्न : आमच्या विश्वस्त संस्थेची फोर्टमध्ये दगडी इमारत आहे. वारसा यादीत ती श्रेणी २-अ मध्ये येते. वरच्या मजल्यावर मोठे सभागृह व वाचनालय आहे, पण वाचक कमी झाले आणि देखभालीचा खर्च परवडत नाही. काही विश्वस्तांना तेथे उपाहारगृह किंवा सामायिक कार्यालय काढायचे आहे, तर काहींना हे पाप वाटते. नियम काय सांगतात?
— एक विश्वस्त, फोर्ट

उत्तर : नियम तुमच्या विश्वस्तांपेक्षा बरेच उदार आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम आहेत, आणि देशात असे नियम करणारे हे पहिले शहर. आज ते 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली-२०३४' मधील नियम ५२ मध्ये आहेत. श्रेणी १ च्या इमारतीत बळकटीकरणापलीकडे आतबाहेर हात लावता येत नाही. श्रेणी २-अ मध्ये अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना काटेकोर छाननीनंतर परवानगी मिळू शकते, २-ब मध्ये त्याच आवारात सुसंगत अशी वाढीव इमारतही चालू शकते, आणि श्रेणी ३ मध्ये मोकळीक त्याहून अधिक असते. अर्ज महापालिकेमार्फत मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जातो.

पाप वाटणाऱ्यांना फोर्टचाच इतिहास दाखवा. रीगल चित्रपटगृहासमोरची, १८७६ मध्ये पुरी झालेली इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी खलाशांच्या वसतिगृहासाठी रेखाटली होती. बोरीबंदरचे स्थानक आणि महापालिकेची इमारत बांधणारे तेच स्टीव्हन्स. १९२८ पासून त्या वसतिगृहात मुंबईचे विधिमंडळ बसू लागले आणि आज तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. खलाशी, आमदार आणि पोलीस अशा तिघांनाही ती इमारत पुरली, कारण तिच्यातल्या खोल्यांची आणि व्हरांड्यांची मांडणी तिन्ही कामांना साजेशी होती. त्याच चौकातले, १९११ चे कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले. तेथे बाहेरचे कवच राहिले आणि आत गोलाकार दालने नव्याने रचली गेली. संग्रहालय उत्तम आहे. पण ज्या सभागृहात लोक सभांना आणि मैफलींना बसत ते आता त्या कवचात शोधूनही सापडत नाही, आणि मला ही किंमत जास्त वाटते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने २००३ ते २००८ या काळात जीर्णोद्धार करून घेतला तेव्हा त्याचे १८७२ पासूनचे काम बदलले नाही. ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा नाट्यगृह म्हणूनच उघडले. जुने काम चालू ठेवणे शक्य असेल तर त्याच्याइतका इमारतीला सोयीचा वापर दुसरा नाही.

म्हणून माझा सल्ला असा की वाचनालय लहान करून ठेवा, बंद करू नका, आणि नवा वापर उरलेल्या जागेत आणा. वजनाच्या दृष्टीने तुमचे नशीब चांगले आहे. भारतीय मानकांनुसार राहत्या घराची जमीन प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो, स्थिर आसने नसलेले सभागृह सुमारे ५०० किलो आणि ग्रंथालयातील कपाटांची खोली किमान ६०० किलो भार धरून आखतात. पुस्तकांची कपाटे सोसलेली जमीन कार्यालयाच्या मेजांना घाबरणार नाही, अर्थात तुळया तपासून घेतल्यावर. उलट दिशेचा बदल, म्हणजे राहत्या घरात अभिलेखागार किंवा व्यायामशाळा घालणे, मला नेहमी धोक्याचा वाटतो.

उपाहारगृहाबद्दल मी साशंक आहे. स्वयंपाकघराला पाणी, निचरा, धुराडे, गॅस हे सगळे वरच्या मजल्यावर न्यावे लागते, आणि पहिल्या उत्तरातली मोरी आठवली तर माझी हरकत कळेल. चहा-कॉफी आणि बाहेर शिजलेले पदार्थ एवढ्यावर भागत असेल तर ठीक. कार्यालयासाठी दुभाजक घालायचे तर ते छतापर्यंत न नेता डोक्याच्या उंचीचे ठेवा, जमिनीत खिळे न ठोकता स्वतःच्या पायावर उभे करा, वातानुकूलनाच्या नळ्या कमानींतून भोके पाडून नेऊ नका. उद्या भाडेकरू गेला तर आठवड्याभरात सभागृह पूर्ववत व्हावे, ही अट करारातच लिहा.

आगीबद्दल एक गैरसमज दूर करतो. जाड सागवानी तुळई आगीत मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलत राहतो. उघडी लोखंडी तुळई मात्र साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावते. त्यामुळे 'लाकूड काढून लोखंड घाला, म्हणजे आगीची भीती नको' हा सल्ला ऐकू नका. जुनी वायरिंग आणि एकुलता एक जिना यांचीच भीती बाळगा. दुसरी सुटकेची वाट नसेल तर नवा वापर सुरू करू नका.

प्रश्न : परळ-लोअर परळच्या गिरण्यांची धुराडी आणि दर्शनी भिंती राखून मागे मॉल व मनोरे उभे राहिले. याला वारसा जतन म्हणावे का? माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे, होते, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त शिक्षक, परळ

उत्तर : धुराडे राहिले हे काहीच न राहण्यापेक्षा बरे, पण त्यावरून तुमच्या वडिलांनी तेथे काय केले हे कोणालाही कळणार नाही. गिरणीचा जीव विणकामाच्या शेडमध्ये होता. करवतीच्या दातांसारखे ते छत उत्तरेकडे काचा ठेवून बांधलेले असे, म्हणजे ऊन थेट आत येत नसे आणि दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड साच्यावर पडे. तुटलेला धागा त्या उजेडात दिसायचा. खांब कमी, जागा मोठी, छत उंच. कार्यशाळा, बाजार, ग्रंथालय, नाट्यशाळा, कशालाही ही शेड चालली असती, आणि जगभरातल्या गिरणीशहरांत ती चाललीही आहे. मुंबईत नेमके तेच आधी पाडले गेले, कारण एकमजली शेड म्हणजे न वापरलेला चटई निर्देशांक, म्हणजे त्या जमिनीवर आणखी बांधता येण्याजोगे क्षेत्र.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ मुळे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला अशी वाटणी अपेक्षित होती. २००१ मध्ये हा हिशेब फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू करण्यात आला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. शेडखालची जमीन, शेड पाडल्यावरही, वाटणीतून सुटत होती, आणि शेड उरल्या नाहीत.

आणि ज्या उरल्या, त्यांचा वापर कसा झाला हेही पाहायला हवे. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा जीव गेला. तेथे जळले ते वरून चढवलेले आच्छादन आणि सजावट. जुन्या आवाराला नवे काम देताना त्या कामाचे नियमही पूर्ण पाळावे लागतात. 'जुनी वास्तू आहे, चालायचेच' ही सवलत अग्निशमनाला देता येत नाही.

प्रश्न : मरीन ड्राइव्हवरच्या आमच्या १९३० च्या दशकातल्या इमारतीचे छज्जे फुटून आतल्या सळ्या दिसतात. तुम्ही चुन्याची इतकी बाजू घेता, तर येथेही चुना वापरावा का?
— सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या एक सचिव, मरीन ड्राइव्ह

उत्तर : मुळीच नाही. ती इमारत काँक्रीटची आहे आणि तिचा आजार अगदी उलटा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला बळकट करतो, पण तोच काँक्रीटमध्ये मुरत गेला की सळ्यांभोवतीचे क्षारधर्मी संरक्षण संपते. त्यात समुद्राच्या हवेतले मीठ मिसळले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या अनेक पट जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरवर सिमेंट थापल्याने दोन पावसाळे निघतात, इतकेच. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढून, गंज पूर्ण घासून, झिजलेल्या सळईला जोड देऊन, मग पॉलिमरयुक्त मॉर्टरने मूळ आकार भरावा. मूळ आकार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या ९४ इमारतींचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि आर्ट डेकोचे सौंदर्य त्या भुवयांसारख्या पातळ, गोलाई घेतलेल्या छज्ज्यांत आहे. ठेकेदाराला काटकोन सोपा जातो. दुरुस्तीआधी प्रत्येक छज्ज्याचा पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या आणि काम झाल्यावर तो लावून पाहा.

प्रश्न : दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? मालक म्हणतात भाड्यात झाडूवाल्याचा पगारही निघत नाही, आणि आम्ही पागडी भरलेली आहे.
— एक भाडेकरू, लालबाग

उत्तर : दोघेही खरे बोलत आहात, म्हणूनच हा गुंता सुटत नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. सध्याच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान की अनेक चाळींत खोलीचे भाडे आजही घरातल्या चार दिवसांच्या दुधाइतके होत नाही. इमारत नीट ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे अधिकार आहे आणि त्याचे मोल एका नळाइतके आहे. उपकरप्राप्त इमारतीत म्हाडाचे मंडळ दुरुस्ती करते, पण त्यालाही प्रति चौरस मीटर खर्चाची मर्यादा आहे आणि वरचा भार रहिवाशांवर येतो.

वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला, बांधकामाचा हक्क नियमांमुळे अडत असेल तर, हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतात, म्हणजे न बांधलेले क्षेत्र दुसरीकडे विकता येते. या पैशातला मोठा वाटा त्याच इमारतीच्या दुरुस्तीच्या खात्यात गेला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर तुमच्या चाळीपुरता एक मार्ग सुचवतो. दरमहा प्रत्येक खोलीकडून ठरावीक रक्कम घेऊन ती केवळ छप्पर, पन्हळी आणि मोऱ्या या तीनच गोष्टींवर खर्च करा. सत्यनारायणाच्या वर्गणीइतक्या नियमाने ही वर्गणी गोळा झाली तर मोठ्या दुरुस्तीची वेळ बरीच पुढे जाते.

प्रश्न : चार मजले चढणे आई-वडिलांना जमत नाही. जुन्या इमारतीत लिफ्ट बसवता येईल का?
— एक वाचक, ठाकुरद्वार

उत्तर : येईल, पण जिन्याच्या मधल्या पोकळीत नको, त्यासाठी लाकडी जिन्याचा कठडा आणि कधी कधी पायऱ्यांची रुंदीही कापली जाते. मागच्या चौकात, स्वतंत्र पायावर, स्वतःचा भार स्वतः पेलणारा लोखंडी सांगाडा उभारा आणि प्रत्येक मजल्यावर सज्जाशी फक्त एका लहान पुलाने जोडा. इमारतीच्या भिंतीवर त्याचे वजन पडता कामा नये. अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडत नाही ना, हे आधी पाहा.

प्रश्न : खोताच्या वाडीजवळच्या आमच्या घराचे मंगलोरी कौलारू छप्पर गळते. ठेकेदार म्हणतो, कौले काढून रंगीत पत्रे टाका, कौले आता मिळत नाहीत.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मिळतात, आणि तुमची बरीचशी कौले अजून कामाचीही असतील. कौल हातात अधांतरी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजले तर ठेवा, भद्द आवाज आला तर त्यात तडा आहे. उलटे करून पाहाल तर कारखान्याची मोहोर दिसेल. मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनने असा पहिला कारखाना काढला आणि पुढे अनेकांनी काढले. मोजमापे कारखान्यागणिक थोडी वेगळी असतात, म्हणून एका मोहोरेची कौले एका उतारावर आणि कमी पडतील तेथे दुसऱ्या मोहोरेची सगळी मागच्या उतारावर, अशी वाटणी करा, नाहीतर खाचा नीट बसत नाहीत आणि छप्पर पुन्हा गळते. गळतीचे खरे कारण बहुतेक वेळा खालच्या कुजलेल्या पट्ट्या किंवा चोंदलेली पन्हळ असते. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये माळ्यावर बसवत नाही, आणि पहिल्या पावसात शेजाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही. कौले मार्चअखेर उतरवा, वासे आणि पट्ट्या तपासा, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळी परत चढवून घ्या.